रवीच्या वाटणीची भाकर

चैताली : चपला काढू ना, मॅम? हेअरबँड पण काढते. त्याचं पण वजन लागतं.

पल्लवी : राहू दे. आज काट्यावर उभं राहायचंच नाही.

चैताली : खरंच?

पल्लवी : खरंच. तो बघ, कपाटामागे ढकलून ठेवलाय. आज त्याला सुट्टी.

सुलाबाई : मग आम्ही आलो कशाला, बाई? नाशिकरोडवरनं निघालो, शालिमारला बस बदलली, माझे गुडघे बोलाया लागले. शाळेतल्या डाक्टरनं सांगितलं, पोरीचं वजन वाढलंय, मोठ्या दवाखान्यात जाऊन दाखवा. आन् तुम्ही म्हणता वजनच करायचं नाय!

पल्लवी : वजन शाळेत झालंय, आजी. तो आकडा मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, आणि हिच्या सगळ्या वर्गालाही ठाऊक आहे. हो ना गं?

चैताली : पीटीच्या सरांनी मोठ्यानं वाचलं. सगळ्यांचंच वाचत होते. माझं झाल्यावर अमोल म्हणाला, सर, परत एकदा वाचा. मग सरांनी परत वाचलं.

पल्लवी : इथे तो आकडा कोणी वाचणार नाही. आणि आजी, मी डॉक्टर नाही. माझं नाव पल्लवी. ज्या मुलांचं वजन वाढतंय, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी मी नुसती बोलते. हिची आई नाही आली?

सुलाबाई : राखी? माझी सून ती. मॉलात बिलिंगला हाय. दुपारी जाती ती रातच्या दहाला घरी येती. सुट्टी मागितली तर पगार कापत्यात. पोरीला मीच बघते. हिचा बाप नाय.

पल्लवी : नाही म्हणजे...

सुलाबाई : झालं दीड वरीस. ओझरला कारखान्यात व्हता माझा रवी. संध्याकाळचा गाडीवर घरी येत व्हता, हायवेला मागनं ट्रकनं... जाऊ द्या. पोरीसमोर नगं.

चैताली : मला माहितीये की, आज्जी.

सुलाबाई : माहिती असू दे. सारखं सारखं कशाला उगाळायचं? वजनाचं म्हणाल, तर आमच्यात समदेच थोराड. रवी दारात उभा राहिला की दार भरायचं. मला वजनाची काळजी नाय. मला काळजी हिच्या मानेची. दाखव गं मॅडमला. केस वर धर. बघा, कसला मळ साठलाय. साबणानं जात नाय, बेसनानं जात नाय. दगडानं घासून घासून दगड झिजला, पर ह्यो मळ हलत नाय.

पल्लवी : दगडानं घासता?

चैताली : दर सुट्टीला. लय झोंबतं. मग शर्टची कॉलर लागली की अजून झोंबतं.

पल्लवी : आजी, तो मळ नाहीये.

सुलाबाई : मळ नाय? काळंकुट्ट दिसतंय की.

पल्लवी : शरीरात साखर नीट जिरेनाशी झाली, की कातडीच अशी काळी पडते. मानेवर, काखेत. कितीही घासा, ती जाणार नाही. पोर अगदी स्वच्छ आहे.

सुलाबाई : म्हंजे मी इतके दिवस पोरीची मान सोलत व्हते?

पल्लवी : तुम्हाला ठाऊक नव्हतं.

सुलाबाई : का गं चैतू, तोंड नव्हतं का तुला? म्हणायचं नाय का, आज्जी, झोंबतं म्हणून?

चैताली : तू मला स्वच्छ करत होतीस ना.

सुलाबाई : बघा. ही अशी हाय. मारलं तरी आवाज करायची नाय.

पल्लवी : तिचं रक्त तपासलंय, त्याचा कागद माझ्यापुढे आहे. घाबरून जाऊ नका, पण लपवतही नाही. साखर अजून हद्दीत आहे, पण अगदी कुंपणावर येऊन बसलीये. असंच चालत राहिलं, तर हिला या वयात शुगरच्या गोळ्या सुरू होतील.

सुलाबाई : शुगर? आता बारावं लागलंय हिला. हिच्या आज्याला व्हती शुगर. आधी आंगठा काढला, मग पाय काढला, मग त्यो गेला. नगं बाई. असलं काय बोलू नगा.

पल्लवी : तसं होऊ नये म्हणूनच बोलतेय. घरी काही बदलून पाहिलंत का?

चैताली : मम्मीनं पाहिलं. मोबाईलवर बघून. सकाळी लिंबू-मधाचं पाणी, डब्यात एक कोरडी चपाती आणि काकडी. काकडी दुपारपर्यंत लिबलिबीत होते, मॅम. पण मी खाते.

सुलाबाई : खाती बिचारी. महिना झाला, शाळेतनं येती ती तोंड सुकवून. आन् तरी वजन वाढतंयच. राखी हिलाच रागावती, चोरून वडापाव खाती म्हणती. ही नाय खात. हिच्या हातात पैसे नसत्यात, मला ठाऊक हाय.

पल्लवी : बरं. आजी, बाहेर सिस्टर बसल्यात. त्यांच्याकडून तुमचं बीपी मोजून घेता का?

सुलाबाई : माझं? मला काय झालंय?

पल्लवी : काही नाही झालेलं. इथे नातवंडांना घेऊन जे येतात, त्यांचंही आम्ही बघतो.

सुलाबाई : मला बाहेर घालवायचंय, असं सरळ सांगा की. जाते. चैतू, नीट उत्तरं दे. मान खाली घालून बसू नगं.

पल्लवी : ...गेल्या. आता ही पेटी उघड.

चैताली : भातुकली? मॅम, मी सहावीत आहे.

पल्लवी : आणि मी दोन लेकरांची आई आहे, तरी खेळते. तुमच्या घरचं रात्रीचं जेवण मांडून दाखव मला. कोण कुठे बसतं, कोणाच्या पुढ्यात काय असतं. सगळं.

चैताली : यात चूल आहे. आमच्याकडे गॅस आहे.

पल्लवी : चुलीलाच गॅस म्हण.

चैताली : इथे आज्जी, भिंतीला टेकून. तिचे पाय सरळ असतात, मांडी घालता येत नाही. इथे मी, टीव्हीकडे पाठ करून. हे टोपलं, यात भाकऱ्या. वर फडकं. मम्मीचं ताट इथे झाकून. आणि इथे... झालं.

पल्लवी : चार ताटल्या मांडल्यास.

चैताली : हां? चुकून मांडली. काढते.

पल्लवी : राहू दे. कोणाची आहे ती?

चैताली : पप्पा तिथे बसायचे. पण आम्ही त्यांचं ताट मांडत नाही, मॅम. खरंच नाही मांडत. वेडे नाही आम्ही. फक्त...

पल्लवी : फक्त काय?

चैताली : भाकऱ्या तेवढ्याच होतात.

पल्लवी : पप्पा होते तेव्हाइतक्या?

चैताली : भाजी पण. आज्जी परातीत ओंजळीनं पीठ घेते ना, ती मोजत नाही. तिच्या हातालाच माहितीये. आणि पप्पा एकटेच आम्हा सगळ्यांएवढं खायचे.

पल्लवी : म्हणजे रोज बरंच उरत असेल.

चैताली : आमच्याकडे उरत नाही.

पल्लवी : उरत नाही?

चैताली : उरू द्यायचं नसतं. आज्जीला शिळं चालत नाही. आमच्या फ्रीजमध्ये फक्त दूध, कोथिंबीर आणि पाण्याच्या बाटल्या. मम्मीनं एकदा वाटीभर डाळ ठेवली होती, तर आज्जी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. टाकून पण द्यायचं नाही. आणि कोणाला द्यायचं पण नाही.

पल्लवी : मग पप्पांच्या वाटणीचं काय होतं?

चैताली : तुम्ही लिहून घेणार का?

पल्लवी : नाही. हे बघ, पेन खाली ठेवला. आणि नको वाटत असेल तर सांगू नकोस.

चैताली : मी खाते. जेवण झालं की आज्जी हात धुवायला मोरीत जाते. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागतो. तेवढ्यात खाते.

पल्लवी : भूक असते तेव्हा?

चैताली : भूक म्हणजे?

पल्लवी : म्हणजे पोटात रिकामं रिकामं वाटतं. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. तसं.

चैताली : आधी लागायची बहुतेक. आता नुसती जेवायची वेळ होते.

पल्लवी : आणि खाऊन झाल्यावर?

चैताली : इथपर्यंत येतं. गळ्यापर्यंत. मग मी भिंतीला उशी लावून बसते. आडवी झाले की वर येतं.

पल्लवी : आजी काही विचारत नाहीत?

चैताली : नाही. ती येऊन टोपल्यावरचं फडकं उचलते आणि म्हणते, "झालं का समदं? बरं झालं." रोज एवढंच. मग तिला झोप लागते.

पल्लवी : आणि एखाद्या दिवशी उरलंच तर?

चैताली : एकदा उरलं होतं.

पल्लवी : कधी?

चैताली : पप्पा गेले तेव्हा. आज्जीनं त्यांचं झाकून ठेवलं होतं, येतीलच म्हणून. मग फोन आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सविताकाकूंनी घरातलं शिजलेलं सगळं बाहेर काढलं. माणूस गेलेल्या घरातलं खायचं नसतं म्हणे. मॅम, पप्पांना आणलं ना, तेव्हा आज्जी रडली नाही. मम्मी रडत होती, आत्या रडत होती, आज्जी नुसती बसून होती. पण काकूंनी ती भाकरी घंटागाडीत टाकली, तेव्हा ओरडली. अशी ओरडली की मी कॉटखाली जाऊन बसले. मला वाटलं, आता आज्जी पण मरणार.

पल्लवी : इकडे ये. इथे बस माझ्याजवळ.

चैताली : मी रडत नाहीये.

पल्लवी : रडलीस तरी चालतं इथे.

चैताली : म्हणून मी उरू देत नाही. आता ती ओरडत नाही. झोपते.

पल्लवी : हे आजीला कधी सांगितलंयस?

चैताली : वेड्या आहात का? सॉरी, मॅम. पण तुम्ही सांगू नका हां. शप्पथ घ्या.

पल्लवी : शप्पथ. मी सांगणार नाही. ते तुझं आहे, सांगायचं झालं तर तूच सांगशील. मी त्यांना एवढंच विचारू का, की भाकऱ्या किती करता?

चैताली : विचारा. पण तिला रागावू नका. मला रागावलं तर चालतं, सगळेच रागावतात.

पल्लवी : कोणीच कोणाला रागावणार नाही. जा, बाहेर माशांची टाकी आहे, मासे बघ. आणि आजींना आत पाठव.

सुलाबाई : वाढलंय म्हणं बीपी. सिस्टर म्हणाली, मीठ कमी करा. मीठ काढलं तर जेवणात राहिलं काय? बोला. काय म्हणत व्हती आमची चैतू?

पल्लवी : तिचं माझ्याकडे ठेवते, आजी. तसा शब्द दिलाय तिला. मी तुम्हाला तुमचं विचारते. रात्री भाकऱ्या किती टाकता?

सुलाबाई : किती म्हंजे? लागतील तेवढ्या. बाईमाणसाचा हात काय मोजून चालतो व्हय?

पल्लवी : तुम्ही दोघी, आणि सूनबाई दहाला येणार. थोडं जास्तच होत असेल, तर सकाळसाठी ठेवत जा. नाहीतर कोणालातरी देऊन टाकत जा. वॉचमन असतो, धुणंभांड्याची बाई असते. उरलेलं तेवढंच कोणाच्या तरी...

सुलाबाई : मी उठते.

पल्लवी : आजी?

सुलाबाई : उरलेलं दुसऱ्याला द्या म्हणता? शिकलेल्या तुम्ही, मॅडम. आन् माझ्या तोंडावर म्हणता, उरलेलं देत जा!

पल्लवी : माझं काहीतरी चुकलंय. काय, ते मला खरंच कळलं नाही. बसा, आजी. सांगा मला. बसा ना.

सुलाबाई : माझं माहेर सिन्नरकडलं. मी एवढीशी, परकरात. आईचा पदर धरून गावात जायचे, भाकर आणायला. भीक नव्हं ती. आमच्या लोकांनी गावाची कामं करायची, मेलेलं ढोर वढायचं, सांगावे पोचवायचे, आन् त्याची मजुरी म्हंजे ही भाकर. दारापासनं लांब उभं राहायचं. बाई वरनं पदरात टाकायची, हात लागू नये म्हणून. कालची, परवाची. आई बुरशी खरवडून आम्हाला द्यायची. त्यांचं उरलेलं, ते आमचं जेवण.

पल्लवी : हं.

सुलाबाई : एकदा एक भाकर पदरात नाय पडली, खाली पडली. कुत्र्यानं तोंड घातलं तिला. ती बाई हसली. म्हणाली, घ्या दोघं वाटून. आई तशीच माघारी आली आन् बापाला म्हणाली, आजपासनं मी जायची नाय. बापानं त्याच साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आम्हाला समोर बसवून सांगितलं, आता कुणाचं उरलेलं ह्या घरात यायचं नाय, आन् आपलं उरलेलं कुणाच्या पदरात जायचं नाय. पोटापुरतं शिजवायचं आन् ताजं खायचं. नसंल तर उपाशी निजायचं. मी लगीन होऊन नाशकात आले, तवा दुसरं काय आणलं नाय माहेरनं. एवढंच आणलं.

पल्लवी : मला माफ करा, आजी. मी पेठकडची. आमच्याकडे रात्रीची नागलीची भाकरी सकाळी खाऊनच आम्ही शाळेत पळायचो. शिळ्या भाकरीत कोणाला असं काही दिसत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सुलाबाई : तुमची तुमच्याच घरची व्हती ती. तिला शिळी म्हणत नाय मी.

पल्लवी : रवीलाही हे सांगितलं होतंत?

सुलाबाई : तर! त्यो म्हणायचा, आई, तुझ्या टोपल्याला मी हाय ना, तू कर बिनघोर. शेवटचा तुकडा त्योच खायचा, टोपलं पालथं करून दाखवायचा मला. त्यो व्हता तवर माझ्या घरात काय उरलं नाय कधी.

पल्लवी : पोटापुरतं शिजवायचं, असं तुमचे वडील म्हणाले. आता घरात किती पोटं आहेत, आजी?

सुलाबाई : मला काय कळत नाय व्हय, मॅडम? ती खाती, ते ठाऊक हाय मला. गुडघे दुखत्यात हे खरं. पर मोरीतनं यायला एवढा येळ लागत नाय. मी मुद्दाम हळू येते. नळ सोडून उभी राहते. मागं टोपल्यातला आवाज थांबला की मग येते.

पल्लवी : का, आजी?

सुलाबाई : टोपलं रिकामं दिसलं, की वाटतं रवी जेवून गेला. एवढंच. घडीभर वाटतं. तेवढ्यात डोळा लागतो. सकाळी उठून वाटतं, आज कमी पीठ घेऊ. आन् परातीपुढं बसले की हात उचलत नाय. त्याच्या वाटणीचं पीठ डब्यातच ठेवायचं म्हंजे... त्या सवितानं त्याची भाकर फेकली, तशीच मी फेकल्यासारखी व्हईल. मी आई हाय त्याची.

चैताली : मॅम, येऊ? तो काळा मासा नुसता काचेला आपटतोय.

पल्लवी : ये. आजी, ये म्हणू ना?

सुलाबाई : ये. इथं बस. चैतू, रातच्याला पोट दुखतं का तुझं?

चैताली : नाही.

सुलाबाई : माझ्याकडं बघून सांग.

चैताली : थोडं. रोज नाही.

सुलाबाई : उशी लावून बसती, ते मला वाटायचं टीव्ही बघती. का खाती गं? म्हणायचं, आज्जी, मला नगं.

चैताली : तू ओरडशील म्हणून.

सुलाबाई : मी? तुझ्यावर कधी आवाज चढवला मी?

चैताली : माझ्यावर नाही. पप्पांची भाकरी गाडीत टाकली, तेव्हा.

सुलाबाई : तू तर आत्यासंगं व्हतीस.

चैताली : कॉटखाली होते. आत्या मला शोधत होती. मी हूं की चूं केलं नाही.

सुलाबाई : आगं माझ्या बाये... आगं माझ्या बाये...

चैताली : बघा ना, मॅम. मी म्हणाले होते. रडली ती.

पल्लवी : रडू दे. रडून त्यांना काही होणार नाही. बघ, तू इथेच आहेस, त्याही इथेच आहेत. ती पाण्याची बाटली दे त्यांना.

सुलाबाई : पोरीच्या पोटात मी लेकाला जेवू घालत व्हते, मॅडम. आन् वरनं दगडानं मान घासत व्हते.

पल्लवी : तुमच्या घरातलं माणूस गेलंय, आजी. ज्याला जसं जमलं तसं त्यानं त्याला धरून ठेवलं. तुम्ही भाकऱ्या टाकून, हिनं त्या खाऊन. कोणी वाईट केलेलं नाही. पण आता हिचं अंग थकलंय. मी तुम्हाला काय खा, काय नका खाऊ, याचा तक्ता देणार नाही. तेवढं मोबाईलवर मिळतं. चैताली, तूच सांग. या घरात तुला एकच गोष्ट बदलायची असेल, तर कोणती बदलशील?

चैताली : काकडी?

पल्लवी : काकडी तर जाऊच दे. तिच्या जागी गरम भाजी-चपाती ने डब्यात, पोटभर. मी तुझ्या आईशी बोलते. अजून काही?

चैताली : आज्जी, तू चिडणार नाहीस?

सुलाबाई : बोल.

चैताली : माझं मी खाईन. पप्पांचं मला नको.

सुलाबाई : नगं खाऊ, बाळा. नगं खाऊ.

(दोन आठवड्यांनी, तीच खोली. चैतालीनं चपला दाराबाहेर काढल्या आहेत, पण हेअरबँड डोक्यालाच आहे.)

पल्लवी : या, आजी. जयभीम.

सुलाबाई : जयभीम, बाई. आज बसायला जागा मिळाली बसमधी. कंडक्टर चांगला व्हता.

चैताली : काट्याला आज पण सुट्टी?

पल्लवी : तुला स्वतःहून वाटेल त्या दिवशी बघू. कशी आहे मान?

चैताली : आज्जी खोबरेल लावते. नुसतं हातानं. गुदगुल्या होतात.

पल्लवी : आणि आजी, तुम्ही?

सुलाबाई : काय सांगू? त्याच दिशी संध्याकाळी परात घेऊन बसले. हिला म्हणलं, समोर बस माझ्या. हातानं आपली सवयीनं रवीच्या वाटणीची ओंजळ घातली. म्हणलं, सुलाबाई, थांब. मग ती उचलली आन् परत डब्यात टाकली. पीठ डब्यात पडल्याचा आवाज तो काय असतोय, मॅडम? कायच नसतोय. मला ऐकू आला.

पल्लवी : हं.

सुलाबाई : त्या दिशी माझा लेक गेला. दीड वरीस झालं लोक म्हणत्यात, ते खोटं. त्या संध्याकाळी गेला त्यो.

चैताली : मग आज्जी खूप रडली. मी कॉटखाली नाही गेले, मॅम. तिच्या शेजारीच बसले. तवा तापून धूर झाला, मग मी गॅस बंद केला.

सुलाबाई : राखी दहाला आली. टोपल्यात बघितलं आन् म्हणाली, आई, आज कमी केल्या? मी म्हणलं, व्हय. तर पर्स खांद्याला तशीच, आन् उभ्या उभ्या रडाया लागली. म्हणाली, मी रोज येऊन रिकामं टोपलं बघत व्हते, आई. मला बी वाटायचं... पर तुम्हाला कसं बोलू? घ्या. तिघी एकाच घरात, आन् तिघींनी एकमेकींपासनं लपवलं.

पल्लवी : आता बोलता का त्याच्याबद्दल?

सुलाबाई : बोलतो. राखीच्या सुट्टीला संगं जेवलो. चैतूनं सांगितलं, पप्पा टोपलं कसं पालथं करून दाखवायचे. राखी हसली. लय दिसांनी हसली.

पल्लवी : चांगलं झालं की.

सुलाबाई : चांगलं झालं, पर एक हाय, मॅडम. आता मला झोप नाय. पोरगी नीट निजती, उशी नाय लावत. मी आपली जागी. टोपलं घासून पालथं घालते, तरी डोळा लागत नाय. त्याला काय उपाय हाय का तुमच्याकडं?

पल्लवी : त्याला उपाय नाही, आजी.

सुलाबाई : नाय ना?

पल्लवी : नाही. डॉक्टरांना सांगून झोपेची गोळी मिळेल. पण तुम्ही विचारताय त्याला नाही.

सुलाबाई : मग बरं. मला वाटलं, माझंच काय चुकतंय.

चैताली : आज्जी.

सुलाबाई : काय गं?

चैताली : मला ना, काहीतरी होतंय. बाहेर सिस्टर डबा खात होत्या. मेथीचा वास आला. तेव्हापासून पोटात असं...

सुलाबाई : दुखतंय का?

चैताली : दुखत नाहीये. रिकामं वाटतंय. मॅम, हीच का ती? तुम्ही सांगितलेली?

पल्लवी : हीच ती.

चैताली : आज्जी, भूक लागलीये मला.

सुलाबाई : चल. उठ. गेल्या गेल्या तवा ठेवते. एक तुझी, एक माझी.

चैताली : आणि मम्मीची?

सुलाबाई : ती आल्यावर. गरम टाकीन.

चैताली : आणि...

सुलाबाई : बास, बाळा. तेवढ्याच.